कोंड्यावर काय लावायचं?

"तुमच्या चिंगीचं अंग एवढं तुकतुकीत कसं हो? आमच्या कुत्र्याच्या पाठीवरून नुसता कोंडा झडतोय. घरातलंच काही लावता येईल का?" सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या निम्म्या लोकांनी मला हे कधी ना कधी विचारलंय. दिवाळी उलटून पुण्याची हवा कोरडी झाली की जरा जास्तच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, पण सुरुवात माझ्याच घोडचुकीपासून करावी लागेल.

चिंगी आमची गावठी कुत्री, काळीकुळीत. आमच्याकडच्या पहिल्याच हिवाळ्यात तिच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा भुगा दिसायला लागला, पोळपाटावर पिठी भुरभुरावी तसा. मी काय करावं? आमच्याच मोरीतला कोंड्याचा शाम्पू उचलला आणि दर रविवारी तिला घोळसून काढलं. वर खोबरेल चोपडलं. महिन्याभरात कोंडा दुप्पट झाला. तेल चाटून चाटून तिनं पोट बिघडवून घेतलं आणि सोफ्याच्या खोळींना लागलेला वास गुढीपाडव्यापर्यंत गेला नाही.

डॉक्टरांनी एकच विचारलं, "आंघोळ कितीदा घालता?" उत्तर ऐकून ते हसले. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा बरीच पातळ. शिवाय आपली त्वचा आम्लधर्मी, सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) साडेपाचच्या आसपास; कुत्र्याची त्वचा साताच्या जवळ जाणारी. आपला शाम्पू आपल्या मापानं केलेला. तिच्या अंगचं जे काही तेल होतं, ते मीच दर रविवारी गटारात सोडत होते.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे लावणं नव्हे, थांबवणं. आता चिंगीला महिना-दीड महिन्यानं आंघोळ, कोमट पाण्यानं आणि कुत्र्यांच्याच शाम्पूनं. रोज पाच मिनिटं ब्रश. त्यानं मेलेली कातडी निघते आणि अंगचं तेल केसभर पसरतं.

घरचा म्हणून एकच लेप मी मनापासून सांगते: ओट्सचा. साधे, बिनमसाल्याचे, बिनसाखरेचे ओट्स मिक्सरमधून मैद्यासारखे बारीक करायचे. चमचाभर पूड पेलाभर पाण्यात टाकून ढवळा. पाणी दुधाळ होऊन तसंच राहिलं तर जमलं, पूड तळाशी बसली तर मिक्सर पुन्हा फिरवा. अर्धी वाटी पूड कोमट पाण्यात कालवून अंगावर हळूहळू ओतायची, दहा मिनिटं मुरू द्यायची, मग स्वच्छ धुवायचं. ही दहा मिनिटं कुत्र्याला गप्प उभं करणं हाच खरा उपाय! ओट्समध्ये खाज शमवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे खाजवणं लगेच कमी होतं. कोंडा मात्र सावकाश जातो.

पोटातून द्यायचं तर मासे. तारली किंवा बांगडा, उकडून, काटे काढून, मीठ-मसाला न घालता. त्यातल्या ओमेगा-३ या स्निग्ध द्रव्याचा गुण अंगावर दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, चार दिवसांत बघू नका. शाकाहारी घरांत जवस देतात. चालेल, पण जवसातल्या तेलाचं माशातल्यासारख्या ओमेगा-३ मध्ये रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फारच थोडं होतं. खोबरेल मी आता फक्त नाकाच्या शेंड्याला लावते, बोटावर येईल तेवढंच. हळद-लिंबू आमच्या आईनं सुचवलं होतं. फुटलेल्या कातडीवर लिंबू म्हणजे आगच. दही लावून पाहिलं, तर मुंग्यांनी चिंगीचं अंथरूण शोधून काढलं. टी-ट्री तेल आणि कापूर तर कुत्र्याला विषारीच, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि लावण्याआधी एकदा काळा कागद घ्या. त्यावर कुत्र्याची पाठ विंचरा. पडलेला भुगा जागचा हलला तर तो कोंडा नव्हे, किडे आहेत. काळे कण पडले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर टेका. तांबूस डाग पसरला तर पिसवा समजा. केस गोल चट्ट्यांनी गेले, अंगाला आंबूस वास आला, कानांच्या कडा खरबरीत झाल्या किंवा खाज सुटून कुत्रा रात्रभर जागा राहिला, तर ओट्स बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. थायरॉइड कमी असला तरीही अंग असंच कोरडं पडतं, आणि त्यावर स्वयंपाकघरात औषध नाही.

आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका गेटवरच्या लाल्या कुत्र्याला गॅरेजातलं जळकं ऑइल फासायला निघाले होते. गावाकडे लूत (बारीक किड्यांनी होणारा कातडीचा रोग) लागली की हेच करतात म्हणे. ते ऑइल कातडी भाजतं आणि चाटलं तर पोटात जाऊन घात करतं. मी बाटली काढून घेतली आणि ओट्सचा पुडा हातात दिला. लाल्याला खरंच लूत निघाली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दीड महिन्यात केस आले. पुडा काकांनी दुधात घालून संपवला.