फळ्याची मर्जी

परदेशातल्या खेड्यात शिकवायला निघालेला स्वयंसेवक बॅगेत काय काय कोंबतो! चित्रांची कार्डं, स्केचपेनं, पेनड्राइव्ह. वर्गात पाऊल टाकल्यावर कळतं की विजेचा भरवसा नाही आणि सगळी भिस्त समोरच्या फळ्यावर आहे. १९६१च्या ऑगस्टमध्ये पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेची पहिली तुकडी घानात उतरली, तीही शिक्षकांचीच. तेव्हापासून साधनं पुष्कळ आली, फळा काही हटला नाही.

फळा नुकता रंगवलेला असेल तर लिहायची घाई नको. रंग दोन-तीन दिवस वाळू द्यावा, मग खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करावा आणि कोरड्या फडक्याने पुसावा. हे टाळलं तर पहिल्या दिवशीचं ‘सुस्वागतम’ महिनाभर गणितांच्या मागून डोकावत राहतं.

खडू किंचाळतो तो धरण्याच्या चुकीने. लांब कांडी काटकोनात टेकवली की ती अडकत-सुटत थरथरते. अर्धी मोडावी, तिरकी धरावी, लिहिताना बोटांत जराशी फिरवत राहावी. टोक एका अंगाने झिजत नाही.

पावसाळ्यात खरी परीक्षा. पत्र्यावर जोराची सर आली की आवाज दुसऱ्या बाकापलीकडे पोचत नाही, तास फळ्यानेच घ्यायचा. आणि नेमका तेव्हाच खडू सर्दावलेला! घासला जातो, उमटत नाही. म्हणून खडू घट्ट झाकणाच्या डब्यातच हवेत. ओलं फडकं मारायचं ते शाळा सुटल्यावर. ओल्या फळ्यावर लिहिलेलं आधी दिसत नाही, सुकल्यावर ठसठशीत उमटतं, आणि मग कोरड्या फडक्याला दाद देत नाही.

पुस्तक चौघांत एक असेल तर वहीत उतरलेला फळा हेच मुलांचं पुस्तक. फळ्यावरची एक चूक चाळीस वह्यांत जाते, आणि परभाषेत शिकवताना चूक हमखास होते. तेव्हा मजकूर आधी कागदावर लिहून गावातल्या शिक्षकांना दाखवून घ्यावा, त्यात कमीपणा कसला? अक्षर निदान ५ सेंटीमीटर उंच काढावं. खालची वीतभर जागा सोडावी, ती पुढच्यांच्या डोक्यांआड जाते. शेवटी मागच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून सगळं वाचून पाहावं. सकाळी खिडकीची तिरीप फळ्याच्या ज्या कडेवर चकाकते, तिथलं कोपऱ्यातल्या मुलांना दिसतच नाही. तिथे फक्त तारीख लिहावी.