पोरोशिरीच्या वाटेवरचे ओझे

जपानच्या होक्काइदो बेटावरील हिदाका पर्वतरांगेचे सर्वोच्च शिखर पोरोशिरी 2052 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जेमतेम चारशे मीटर अधिक. परंतु नुकाबिरा नदीच्या बाजूने चढणाऱ्याला आधी जंगलातला कच्चा रस्ता तुडवावा लागतो आणि मग तीच नदी पुलाविना पुन्हा पुन्हा ओलांडावी लागते. पावसात पाणी चढले की वरची माणसे वरच अडकतात. 2017 च्या ऑगस्टमध्ये याच नदीत तिघांचा जीव गेला. सह्याद्रीतले ओढे ओलांडत वाढल्याचा माझा तोरा पहिल्याच धारेतल्या गारठ्याने उतरवला.

मात्र मला हलवले ते उतरताना भेटलेल्या माणसांनी. वाटेवरच्या डोंगरी निवाऱ्यातील शौचालयाचा मैला स्वयंसेवक पाठीवर वाहून खाली आणतात. घट्ट झाकणाचे डबे पाठीवर बांधून, काठीने तळाचे दगड चाचपत ते पाण्यात पाऊल टाकत होते. त्यांत नोकरदार होते, निवृत्त झालेले होते, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर त्यागाचा भाव नव्हता.

आपल्याकडे हाताने मैला वाहण्याविरुद्ध 1993 आणि 2013 असे दोन कायदे करूनही जे काम जातीला चिकटलेलेच राहिले, ते येथे सुट्टीच्या दिवशी हौसेने केले जाते, हे पाहून कौतुकाआधी मला रागच आला. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेण्यासाठी 1932 मध्ये उपोषण केले होते, हे मी सोबतच्या जपानी सहकाऱ्याला आवर्जून, जरा जास्तच तपशिलाने सांगितले. त्याने मनापासून ऐकले आणि विचारले, “मग आता तिथे कोण करते?”

आपल्याकडे हे असे हौसेने का होत नाही, याला मी गर्दीचे कारण दिले. येथे हंगाम उन्हाळ्यापुरता, निवाऱ्यात जागा आधी राखून ठेवावी लागते. कळसूबाईच्या शिड्यांवर रविवारी लागणाऱ्या रांगेला हा हिशेब कसा लावायचा? हे कारण खोटे नाही, आणि आपल्याकडेही गडांवरचा कचरा गोण्या भरून उतरवणारी तरुण मंडळी आहेत. पण त्या गोण्यांत बाटल्या आणि वेष्टने असतात.

2024 मध्ये हिदाका पर्वतरांग राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाली. मैला उतरवण्याच्या पुढच्या फेरीसाठी नाव दे, असे सहकाऱ्याने सुचवले आहे. नदीच्या भीतीचे निमित्त सांगून मी उत्तर लांबवले आहे. घरी फोनवर मात्र अजून हा विषयच काढलेला नाही.