आठ मीटरवरची खूण

कऱ्हाडात चिपळूण रस्त्याला माझं गॅरेज आहे. वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतोय. त्या दिवशी जानेवारी होता आणि गळीत हंगाम भरात. दिवसभर दारावरून उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जात होते.

दुपारी चारच्या सुमाराला पाटणच्या शाळेत शिकवणारे एक सर आले. वय पन्नाशीच्या पुढं, गाडी 2011 सालची, लहान. हातात एलईडी बल्बच्या जोडीचा खोका होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं, 20,000 लुमेन, म्हणजे उजेडाचं माप.

‘मिस्त्री, आजच बसवून द्या. काल मल्हारपेठच्या अलीकडं उसाची गाडी अगदी पुढ्यात आल्यावर दिसली मला. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक लागला म्हणून वाचलो.’

ते सांगताना त्यांचा आवाज कापत होता. असं सांगणाऱ्या माणसाला ‘नको’ म्हणणं अवघड असतं. शिवाय असे सेट मी स्वतः आधी किती तरी गाड्यांना बसवून दिले होते. गिऱ्हाईक बल्ब घेऊन यायचं, आपण काढ-घाल करून द्यायची. समोरून येणाऱ्याला काय दिसत असेल, हे बघायला मी कधी रस्त्यावर उभा राहिलो नव्हतो.

जुना हॅलोजनचा, म्हणजे तारेचा, बल्ब काढला तर होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळायला आलेलं. सरांना विचारलं. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी 60/55 वॉटच्या जागी 100/90चे बल्ब घातले होते. पुढं ते उडाले आणि परत साधे आले, पण होल्डर तोच राहिला. हे मी मनात नोंदवलं आणि एलईडी बसवून दिले. एलईडीच्या मागचा पंखा बसेना म्हणून रबरी टोपीला भोक पाडावं लागलं. तेही मला पटलं नव्हतं, कारण पावसाळ्यात तिथूनच दिव्यात वाफ धरते.

अंधार पडल्यावर शेजारच्या गोदामाच्या भिंतीसमोर गाडी लावली. लख्ख पांढरा उजेड. सर खूश झाले. मी मात्र भिंतीकडं बघत होतो. हॅलोजनचा डिपर, म्हणजे खाली झुकवलेला उजेड, भिंतीवर टाकला की वर काळोख आणि खाली उजेड अशी एक रेघ उमटते आणि ती डावीकडं जराशी वर चढते, साइडपट्टीवरचा माणूस दिसावा म्हणून. इथं रेघच नव्हती. उजेड पार पत्र्यापर्यंत गेलेला, मध्येच काळे डाग.

त्याचं कारण बल्बच्या घडणीत आहे. या गाडीच्या एच-4 जातीच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट, म्हणजे तारा, असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळं रिफ्लेक्टरच्या, म्हणजे दिव्यातल्या आरशाच्या, वरच्याच अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर येतो. आरशाचा सगळा आकार त्या केसासारख्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीत तार नसते. एका जाड पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप असतात. प्रकाश निघायची जागा मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं हलली की आरसा तो भलतीकडंच फेकतो. कंपनीतूनच एलईडीचे दिवे येतात, त्यांची गोष्ट निराळी. तिथं आरसा आणि भिंग त्या चिपसाठीच घडवलेलं असतं.

हे सरांना समजावत होतो, तोवर माझ्या हाताखालच्या पोरानं गाडी वळवून तोंड रस्त्याकडं केलं. दिवे चालूच होते.

समोरून सायकलवर दुधाच्या किटल्या लावून एक म्हातारबाबा येत होते. उजेड अंगावर पडला आणि त्यांची सायकल डांबरावरून खाली उतरली. पाय टेकून ते जागेवर थांबले, डोळ्यांवर आडवा हात. मागून ट्रॅक्टर येत होता.

‘लाइट बंद कर रं बाबा, काय सुदिक दिसंना!’

मी धावत जाऊन बटण फिरवलं. ट्रॅक्टर त्यांच्या शेजारून निघून गेला. दिवे विझल्यावरही बाबा बराच वेळ डोळे चोळत उभे होते. म्हाताऱ्या डोळ्यांना अशा झगझगाटातून सावरायला जास्त वेळ लागतो. सरांनी जाऊन त्यांची सायकल धरली, रस्त्यावर आणून दिली. परत आले ते गप्पच.

मग मी टेप घेतला. दिव्यापासून आठ मीटरवर खडूनं खूण केली आणि सरांना तिथं उभं केलं. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हेच माप आहे, की आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला डिपरचा त्रास होता कामा नये. मी डिपर लावला आणि सरांनी लगेच मान फिरवली.

‘काढा हे,’ म्हणाले. ‘पण मग मला दिसायचं कसं?’

प्रश्न खराच होता. बल्बचा करंट मोजला, तर एकेक सव्वादोन अँपिअर खात होता, म्हणजे तीस वॉट. तेवढ्या विजेत दोन बल्बांतून वीस हजार लुमेन निघणं शक्यच नाही. हॅलोजन परत बसवला, इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर 14.1 व्होल्ट. होल्डरवर 11.6! अडीच व्होल्ट त्या भाजलेल्या होल्डरात, गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि जुन्या स्विचमध्ये जिरत होते. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की प्रकाश तीसेक टक्के कमी होतो. सरांच्या गाडीचा तर जवळजवळ निम्मा उजेड वाटेतच मरत होता आणि उरलेला पिवळट पडलेल्या काचेत अडत होता.

रात्री साडेनऊपर्यंत काम चाललं. स्विचवरचा भार काढून घेणारे दोन रिले, बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर, सिरॅमिकचे होल्डर, बॉडी घासून नवीन अर्थिंग. पोरानं काच पॉलिश पेपरनं पाणी मारत घासली, मग पॉलिश केली. बल्ब नवे घातले, पण 60/55चेच. होल्डरवर 13.6 आले. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावून रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली आणली.

सर गाडीत बसले, समोर बघत राहिले. ‘हे आधीच असं होतं?’ एवढंच विचारलं. एलईडीचा खोका त्यांनी माझ्या टेबलावरच ठेवला.

ते निघाले तेव्हा मी रस्ता ओलांडून, बाबा जिथं सायकल घेऊन उतरले होते तिथं जाऊन उभा राहिलो. सरांना सांगून ठेवलं होतं, डिपरवरच या. गाडी वळली, उजेड माझ्या पायांवर आला, गुडघ्यांवर चढला आणि कमरेला थांबला. त्याच्या वर अंधार होता. स्टिअरिंगमागचा सरांचा चष्मा मला दिसत होता.