कंदील झाकायला शिकेपर्यंत अकरा रात्री

आऊटर वाइल्ड्स या अंतराळात फिरायच्या व्हिडिओ गेमचं एक्स्पान्शन, म्हणजे नंतर आलेला जोडभाग, इकोज ऑफ द आय, एकदाचं संपवलं. गेम २०१९ चा, हे एक्स्पान्शन सप्टेंबर २०२१ चं, म्हणजे मी उशिराच आले, पण जे झालं ते लिहून ठेवते कारण त्या काळोख्या भागाचा राग अजून गेलेला नाही. कोडी फोडणार नाही. या गेममध्ये बंदूक नाही, लेव्हल नाही, बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि आपण परत पहिल्या शेकोटीपाशी उठतो (हा एक लूप), जवळ राहतं ते फक्त जे कळलं ते. तेच मी सांगून टाकलं तर तुम्ही खेळणार काय?

सुरुवात सोपी गेली. टिंबर हार्थ, म्हणजे गेममधला आपला ग्रह, तिथल्या म्युझियममध्ये नवीन प्रदर्शन आलेलं असतं, ते नीट बघा, घाई करू नका, वाट तिथूनच निघते. वेगळा मेनू वगैरे नाही, जुन्याच सूर्यमालेत हे सगळं लपवून ठेवलंय. मग ते चाकासारखं गोल फिरणारं महाकाय यान सापडतं, आत नदी, आणि मान वर केली की तीच नदी डोक्यावरून वाहतेय. तराफ्यावर बसून टॉर्चचा उजेड मारायचा, ज्या बाजूला मारला त्या बाजूला तराफा जातो. गोव्यात रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जाताना मांडवीचं पाणी जसं शांत सरकतं तसं वाटलं मला, त्या रात्री मी कोडंबिडं सोडून नुसतीच दोन फेऱ्या मारल्या. पण मध्येच धरण फुटतं आणि पाण्याचा लोंढा येतो हे लक्षात असू द्या, काही जागा त्याच्या आधीच गाठाव्या लागतात.

अजून एक चांगली गोष्ट. तिथल्या लोकांची लिपी आपल्या ट्रान्सलेटरला वाचता येत नाही, त्यामुळे त्यांची सगळी गोष्ट स्लाइडच्या चित्रांतून कळते. आईला इंग्रजी वाचत बसायचा कंटाळा, बेस गेम, म्हणजे मूळचा, चालू असताना ती कधी फिरकली नाही, पण या स्लाइड बघायला ती जेवणानंतर खुर्ची ओढून बसायला लागली. काही रिळं जाळलेली असतात. ‘जाळलंय म्हणजे त्यातच खरं असणार,’ असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि बरोबर होती.

आता तो भाग. हिरव्या आगीपाशी हातात एक विशिष्ट कंदील घेऊन झोपायचं, की आपण दुसऱ्याच जगात जागे होतो. तिथे कायम रात्र, आणि शिंगं असलेली घुबडासारखी उंच माणसं स्वतःचे कंदील घेऊन गस्त घालतात. सापडलात की कंदील विझवतात आणि आपण आगीपाशी परत. परत झोपा, परत तीच सुरुवातीची जागा, परत तोच जिना. त्यात बावीस मिनिटांचं घड्याळ बाहेर चालूच, म्हणजे दोनतीनदा पकडले गेलात की लूप संपला, मग पुन्हा यान उडवा, पुन्हा ते चाक गाठा, पुन्हा तराफा, पुन्हा आग. मी या फेऱ्यात अकरा रात्री होते. जुलै महिना, आमच्या डिचोलीकडे पाऊस असा की लाईट संध्याकाळी जाते ती कधी येईल सांगता येत नाही, दोन रात्री तर अर्ध्या वाटेवर कॉम्प्युटरच बंद पडला. त्याचा राग वेगळा. पण खरा राग गेमचा होता, कारण बाकी सगळीकडे हा गेम तुम्हाला डोकं चालवायला लावतो आणि इथे मला वाटलं की नुसतं पळायला लावतोय. मी पळत होते. जिना दिसला की पळ, दार दिसलं की पळ, मागून किंचाळी आली की हातपाय गार. भाऊ म्हणाला मी बघून सांगू का, मी त्याला खोलीतून बाहेर काढलं.

दहाव्या रात्री लाईट गेली तेव्हा आई स्वयंपाकघरातून मेणबत्ती आणायला गेली, काळोखातच, भिंतीला हातसुद्धा न लावता. मी म्हटलं मोबाईलचा टॉर्च तरी लाव. ‘अगो, वाट पाठ असली की दिवा कशाला?’ म्हणाली, आणि मग बसून सांगायला लागली, लहानपणी रात्री बागेतून येताना लांब चूड, म्हणजे पेटती मशाल, दिसली की आजी त्यांना तिथेच थांबवायची, देवचार (गावाची राखण करणारा) जातोय म्हणायची, आपल्या हातातला कंदील पदराखाली धरायची आणि तो उजेड पुढे निघून जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही. ‘तू तर दिवा पेटवून पळतेस, मग तूच दिसणार ना त्यांना.’

मी दहा रात्री गेममधल्या कंदिलाचं एकच बटण वापरत होते, झोत लांब टाकायचं. दुसऱ्या बटणाने तो झाकता येतो, हे मला माहीत होतं, पण झाकला की काही दिसत नाही म्हणून मी हातच लावला नव्हता. झाकल्यावर त्यांचे कंदील लांबून स्पष्ट दिसतात. अकराव्या रात्री मी आधी एक अख्खा लूप फक्त वाट पाठ करण्यात घालवला, किती पावलं, कुठे वळण, पकडली गेले तरी चालेल म्हणून. पुढच्या लूपला कंदील झाकून चालत गेले. चालत. एक जण माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि मी श्वास रोखून उभी होते, खरोखरचा श्वास. आतलं रीळ हाताला लागलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला इतका आनंद झाला की मी आईच्या दाराशी जाऊन परत आले.

सेटिंगमध्ये भीती कमी करायचा एक पर्याय आहे, तो मी हट्टाने लावला नाही. तुम्ही लावा, गोष्ट तीच राहते, काही हरवत नाही. हेडफोन मात्र हवेच, पावलांवरून कळतं कोण कुठे आहे. आणि हे आधी सांगायला हवं होतं, जायंट्स डीप या ग्रहावरच्या गॅब्रो नावाच्या प्रवाशाशी बोलून ध्यान करायला शिकून घ्या, म्हणजे लूप फुकट गेला की तिथल्या तिथे संपवता येतो, मी हे नवव्या रात्री केलं. शिप लॉगमधून, म्हणजे आपल्या यानातल्या नोंदवहीतून, त्या चाकावर खूण लावता येते, दर वेळी शोधत बसू नका.

पुढचं दोन दिवसांत झालं, त्यातलं एक अक्षर सांगणार नाही. बेस गेमचा शेवट आधी केला असला तरी हे संपवून तो पुन्हा एकदा करा, शेवटच्या शेकोटीपाशी थोडा फरक पडतो. तो बघायला मी आईला पहाटे उठवलं.