ट्रिप मोटर होते, माणूस नाही

कोल्हापुरात ‘ट्रिप’ हा शब्द दिवसभर कुणा ना कुणाच्या तोंडी असतो. भट्टीवरून विटांची ट्रिप येते, टँकरवाल्याची पुढची ट्रिप दुपारनंतर असते, शाळेची ट्रिप पन्हाळ्याला जाते. पंचगंगेकाठच्या शेतात ऐन पाणी पाजायच्या वेळी निरोप येतो, ‘मोटर ट्रिप झालीया.’ पण रंकाळ्यावर फिरताना उचकटलेल्या फरशीला पाय अडकून कुणी पालथा पडला, तर ‘ट्रिप झाला’ असं कुणीच म्हणत नाही. इंग्रजीत नेमका तो रोजचा अर्थ. बाकीचे सगळे अर्थ आपण घरात घेतले आणि पडणं तेवढं दाराबाहेर ठेवलं.

गरजच नव्हती. पडण्याच्या बाबतीत मराठी माणूस स्वयंपूर्ण आहे. दगडाची ठेच लागते, उंबऱ्याला अडखळतो, शेवाळावर घसरतो, निऱ्यांत पाय अडकतो आणि काहीही कारण नसताना जो पडतो तो धडपडतो. ‘ठेच’ म्हटल्यावर तर अंगठाच डोळ्यांपुढे येतो, नखासकट. इतकी तयारी असताना परका शब्द करणार काय?

गंमत म्हणजे मूळ इंग्रजी शब्दातही आधी नाचरेपणाच होता. हलक्या, चपळ पावलांनी थिरकत जाणं म्हणजे ट्रिप. त्याच पायांना मग अडखळणं चिकटलं. पुढे खलाशांच्या छोट्या सफरीला तोच शब्द लागला आणि 1960 च्या दशकात एलएसडीची नशा करून जागच्या जागी ‘जाऊन येणाऱ्यां’नीही तो उचलला. त्या मानानं आमची पन्हाळ्याची ट्रिप फार सोज्वळ. झुणका-भाकर खाऊन संध्याकाळी घरी.

विजेचं मात्र वेगळं आहे. तिथं अडखळण्यापेक्षा खटका सुटण्याला महत्त्व. एमसीबीत, म्हणजे जास्त भार आला की आपोआप वीज तोडणाऱ्या बटणात, दोन धातूंची जोडपट्टी असते. भार जास्त झाला की ती तापून वाकते आणि खटका सोडते. शॉर्टसर्किट झालं तर पट्टी तापायची वाट न बघता आतलं चुंबकी वेटोळं तेच काम क्षणात करतं. वायरमन याला ट्रिप म्हणतो, घरातली माणसं सरळ म्हणतात, ‘एमसीबी पडला.’ म्हणजे पडण्याचा अर्थ शेवटी आलाच, फक्त माणसाऐवजी बटणाच्या वाट्याला.

आणि मुद्दाम दुसऱ्याला पाडणं? इंग्रजीत तेही ट्रिपच. या गावात त्याच्या दोन जाती आहेत. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात, तांबड्या मातीत, एकानं दुसऱ्याच्या पायात पाय घालून त्याला पाडलं की ती टांग. आतली, बाहेरची, तिचेही प्रकार. ती नीट बसावी म्हणून पोरं वर्षानुवर्षं तालमीत घाम गाळतात आणि बसली की फेटे उडतात. तोच पाय शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळताना घातला की फाऊल, थेट फ्री किक आणि पेनल्टी क्षेत्रात असेल तर पेनल्टी. प्रेक्षक ओरडतात, ‘पाय घातला!’ त्यात खेळणाऱ्या संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. तालमीच्या नावानं मैदानात उतरायचं आणि टांग लावायची नाही, हे मला तरी जरा अन्यायाचंच वाटतं.

नियम तर आणखी पुढे जातो. पाय घालायचा नुसता प्रयत्न केला, समोरचा पडला नाही, तरी फाऊल. शेजारी बसलेल्या एका वृद्ध वस्तादांना हे समजावून सांगितलं, तर ते मैदानावरची नजर न हलवता म्हणाले, ‘लागलीच न्हाई, तर शिक्षा कसली? आमच्यात टांग लागली न्हाई की लावणाराच आभाळ बघतोय. पंच कशाला लागतोय त्याला?’