वळीव आणि ६६२

डिचोलीजवळच्या एका भंगार यार्डात बंद खाणीवरची यंत्रं कापायला आली होती. त्यातल्या एका हॉपरवर, म्हणजे खनिज साठवायच्या नरसाळ्यावर, सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचं लेव्हल गेज (आत माल किती भरलाय ते मोजणारं यंत्र) होतं म्हणे, पण कागद कुठेच नव्हते. मालकांचा निरोप आला, गॅस कटर लावायच्या आधी बघून जा. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारातल्या कोबाल्ट-६० ने एकाचा जीव घेतला होता, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

सकाळी ड्रोन उडवला. उंची ८ मीटर, खाली गॅमा किरण मोजणारा सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर. सेकंदाला ३१० च्या आसपास काउंट, म्हणजे टिपलेले किरण. जांभ्याच्या जमिनीवर एवढे असतातच. निम्मं यार्ड झालं आणि वळीव कोसळला. आम्ही पत्र्याखाली चहा घेत बसलो.

पाऊस थांबल्यावर उरलेल्या भागावर ड्रोन नेला, तर काउंट थेट ४३०! सोबतच्या पोराने स्पेक्ट्रममधला, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले त्या आलेखातला, उंचवटा दाखवला. सीझियमचा उंचवटा ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला येतो. "सर, ६६२! सीझियम!" मालकांचा चेहरा पडला. "कामगारांना घरी पाठवू काय हो?"

माझ्याही पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू? पण गेज असतं तर एकाच जागी काउंट चढले असते. इथे कुंपणाबाहेरच्या डांबरी रस्त्यावरही तेवढेच. उंचवटा मोठा करून पाहिला. टोक ६०९ जवळ होतं, आणि ३५२ लाही एक होतं. आमचा डिटेक्टर ६०९ आणि ६६२ मध्ये सहज गल्लत करतो. ही बिस्मथ-२१४ आणि शिसं-२१४ ची जोडी, म्हणजे जमिनीतून निघणाऱ्या रेडॉनची पिल्लावळ. हवेतल्या धुळीला चिकटलेली असते, पाऊस तिला धुऊन खाली आणतो.

मालकांना पटेना. मग जीपचं ओलं बॉनेट टिश्यूने पुसलं आणि तो बोळा हातातल्या मीटरला लावला. टकटक वाढली. पाऊण तासाने तोच बोळा लावला, तर निम्म्याहून कमी. दोन-अडीच तासांनी ड्रोन पुन्हा पूर्ण यार्डावर फिरवला. ३०० च्या जरा खालीच. ओली माती थोडे गॅमा गिळते. नकाशावर जास्त काउंट दाखवणारा लाल ठिपका कुठेच नाही.

तरी शिशाच्या कवचातलं गेज वरून दिसेलच असं नसतं, म्हणून मीटर घेऊन हॉपरपाशी गेलो. तिथे बोल्टची चार रिकामी भोकं होती, कडेला ताजा गंज.

"मग ते गेलं कुठे?" मालकांनी विचारलं.

अणुऊर्जा नियामक मंडळाला पाठवायचं पत्र त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं.