पायथ्याची नोंदवही: गाडी कुठे लावायची आणि वाट कोणाच्या रानातून जाते

पावसाळा सरत आला, तेव्हा या हंगामात नोंदवही कुठवर आली ते लिहून काढतो. पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर गडाच्या वाटेची माहिती आता कुठेही मिळते. कुठल्या टप्प्याला दोर लागतो, टाक्यातलं पाणी कधीपर्यंत पुरतं, गुहेत किती जण झोपतात, सगळं लिहिलेलं आहे. पण पायथ्याच्या गावात गाडी कुठे उभी करायची, ती जागा कोणाची, एसटीने गेलो तर परतीची शेवटची गाडी कधीची, आणि गावातून गडाकडे जाणारी पाऊलवाट कोणाच्या रानातून जाते, हे कोणी लिहीत नाही. मी तेवढंच लिहितो. एका पायथ्याला एक पान.

लोहगड-विसापूर

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, कारण अडचणही इथेच सगळ्यात मोठी. मळवलीहून भाजे, तिथून गायमुख खिंड आणि पुढे लोहगडवाडी हा रस्ता मुळात गावाच्या येण्याजाण्यापुरता. चढाचा, वळणांचा, अरुंद. पावसाळी रविवारी दोन्ही कडांना गाड्या लागल्या की मधून दुचाकी काढणंही मुश्कील. जुलै २०२३ मधल्या एका रविवारी गडाच्या दरवाजात माणसं काही तास अडकून पडली होती, तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. दरवाजातली ती कोंडी डोळ्यांत भरली, पण तिची सुरुवात सकाळीच खालच्या रस्त्यावर होते. ११ जुलै २०२५ ला मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत लोहगड आहे. अभिमानाची गोष्ट आहेच. रस्ता मात्र तेवढाच आहे.

पानावर पहिली ओळ ही लिहिली: गाडी आणूच नका. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाज्यात यायचं आणि तिथून खिंडीपर्यंत चालायचं. खिंडीतून एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. नेहमी चालणाऱ्याला मळवलीपासून लोहगडवाडी दीड-दोन तासांची. परतताना एवढंच लक्षात ठेवायचं की भरदुपारी लोकल विरळ असतात, त्यामुळे वेळापत्रक बघून गड सोडायचा. ज्यांना गाडी आणावीच लागते, घरातलं वयस्कर माणूस सोबत असतं म्हणून किंवा लहान मूल आहे म्हणून, त्यांच्यासाठी वाडीत अंगणात गाडी लावू देणारी घरं आहेत. तिथेच लावा, रस्त्याच्या कडेला नको.

अंगणातल्या पार्किंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यावर आपल्या ट्रेकरांत दोन मतं आहेत. ‘गाडी लावायचेही पैसे?’ असं म्हणणारे बरेच भेटतात. माझ्या मते पायथ्याला याच्याइतकी चांगली व्यवस्था दुसरी नाही. पैसे थेट घरात जातात, गाडीवर कोणाचं तरी लक्ष राहतं, उतरून आल्यावर हातपाय धुवायला पाणी मिळतं आणि त्याच घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवता येते. शिवाय घरमालकालाच ठाऊक असतं की कुठली जागा संध्याकाळी गुरांसाठी मोकळी हवी. ग्रामपंचायत किंवा वनखात्यासोबत काम करणारी गावची वनसमिती घेते त्या पैशांची पावती मागावी, हक्काने मागावी. अंगणाच्या पैशांवर मात्र घासाघीस करू नये.

खाचराचं तोंड

हे पान एका वाडीचं. मावळातली आहे, नाव मुद्दाम देत नाही. जुलैमध्ये लावणी ऐन भरात होती. रस्त्यावरून खाचरात, म्हणजे भाताच्या शेतात, उतरायला जो छोटा उतार असतो, त्याच्या तोंडावर एक पांढरी गाडी लावलेली. काचा बंद, माणसं गडावर. बांधावर आवणाच्या (भाताच्या रोपांच्या) जुड्या काढून ठेवलेल्या, प्लॅस्टिकच्या खोळी पांघरलेल्या सात-आठ बायका पावसात उभ्या, आणि चिखलणीचा ट्रॅक्टर रस्त्यावर धडधडत थांबलेला. ट्रॅक्टर तासावर भाड्याने आणलेला होता आणि तास चालू होता. गाडीवर फोन नंबर नाही. गाडीवाले दुपारी तीनला उतरले. तोवर ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतावर निघून गेला होता. त्या घरच्या मावशी मला म्हणाल्या, “दादा, फिराया येताय तर या की. पर आमच्या पोटावर गाडी लावू नका.”

ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो तेव्हा त्या तोंडावर दोन मोठे दगड आणि करवंदीच्या काट्यांचा झाप टाकलेला होता. गडाची जुनी वाट नेमकी तिथूनच जायची. आता वळसा घालून ओढ्याच्या बाजूने जावं लागतं, आणि पावसात तो ओढा धोक्याचा आहे. एका गाडीमुळे एक वाट गेली, आणि बंद करणाऱ्याची त्यात काही चूक नाही.

या प्रसंगानंतर गाव नकाशांच्या मागे लागलो. प्रत्येक महसुली गावाचा नकाशा भूमी अभिलेखच्या कार्यालयात मिळतो. त्यात दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीचा. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. गडाकडे जाणारी वाट अशा रेषेने दाखवलेली असेल तर ती जुनी आणि नोंदलेली आहे. तिच्यावर कुंपण पडलं तर गावकरी तहसीलदारांकडे जाऊ शकतात. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ वहिवाटीचा रस्ता अडवल्यास तो मोकळा करून देण्यासाठी आहे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ बांधावरून शेतात जायला रस्ता मिळवण्यासाठी. ही दोन्ही कलमं शेतकऱ्याच्या गरजेसाठी केलेली आहेत, ट्रेकरच्या नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून फिरण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्याकडे कायद्याने दिलेला नाही. नकाशात नसलेली वाट ही त्या सातबाऱ्यावरच्या माणसाच्या मर्जीवर चालू असते. आपण सह्याद्रीत ज्या वाटांनी बिनधास्त चालतो, त्यातल्या कितीतरी अशाच आहेत.

म्हणून ॲपवरचे ट्रॅक जसेच्या तसे फिरवणं थांबवा, ही कळकळीची विनंती. कोणीतरी एकदा चुकून कोणाच्या परसातून गेलेला असतो, त्याची रेषा सगळ्यांच्या फोनवर जाते आणि पुढची दोन वर्षं त्या घराच्या मागच्या दारातून पहाटे चार वाजता बॅटऱ्या चमकत राहतात. ट्रॅक टाकण्याआधी गावात शिरल्यापासून गाव सोडेपर्यंतचा तुकडा तपासून घ्या, दारात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

कळसूबाई, बारी

१६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, त्यामुळे गर्दी वर्षभर. नवरात्रात देवीच्या दर्शनाला येणारे भाविक हे आपल्या आधीचे आहेत. त्या दिवसांत पायथ्याच्या बारी गावातली जागा त्यांची समजून आपण दुसरा आठवडा धरावा. घोटीहून भंडारदरा-राजूरकडे जाणारी एसटी किंवा जीप बारीच्या फाट्यावर सोडते. तिथून गावात चालत. फाट्यापासूनचं अंतर कोणी ट्रेकमध्ये धरत नाही म्हणून लोक गाडी थेट शेवटच्या घरापर्यंत नेतात.

मे-जूनमध्ये याच भागात काजवे बघायला येणाऱ्यांची वर्दळ असते. भंडारदरा, घाटघर, रतनवाडीच्या रस्त्यांवर रात्री गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्याचं लुकलुकणं हे जोडीदार शोधण्यासाठी असतं, आणि हेडलाइटच्या झोतात त्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही. हा सगळा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. त्या पानावर लिहिलंय: गाडी उजेड असतानाच मुक्कामाच्या घरी लावा आणि रात्री पायी फिरा, टॉर्च खाली धरून.

सिंहगड

पुणेकरांना नवीन काही सांगायला नको. ५० नंबरच्या बसने पायथा, आतकरवाडीतून पायवाट. घाटरस्त्याने येणाऱ्यांना वनसमितीचं उपद्रव शुल्क भरावं लागतं आणि वरचा वाहनतळ भरला की खाली नाक्यावरच गाड्या थांबवतात. मे २०२२ मध्ये खासगी गाड्या बंद करून पीएमपीएमएलच्या (पुण्याच्या शहर बससेवेच्या) ई-बस घाटात सुरू झाल्या होत्या, आणि त्याच महिन्यात तो प्रयोग थांबला. मला तो प्रयोग मनापासून पटला होता. खाली गाड्या लावायला पुरेशी जागा आणि सुट्टीच्या दिवशी पुऱ्या पडतील इतक्या बस, या दोन गोष्टी आधी तयार हव्यात.

हे जमू शकतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी असते, रोजच्या माणसांवर मर्यादा असते, गाड्या लांब लावून पुढे बसने जायचं असतं, आणि हे सगळं आसपासच्या गावांची समिती वनखात्यासोबत चालवते. लोकांनी सुरुवातीला कुरकुर केली, आता सवय झाली आहे. तसंच लोहगडाला पवनानगर आणि मळवली या दोन्ही अंगांनी करता येईल असं मला ठामपणे वाटतं, आणि तसा अर्ज दोन ग्रामपंचायतींशी बोलून लिहायला घेतला आहे.

३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं. त्यानंतर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली पर्यटनस्थळांवर मनाई काढतं. निघण्याआधी आदेश पाहून जा. सरसकट बंदीत कांदाभजीचा एक स्टॉल टाकून वर्षाचा खर्च काढणारं घर आधी भरडलं जातं, याचं वाईट वाटतं. रस्ता तुंबलेला असला की रेस्क्यूची माणसं आणि स्ट्रेचरही त्याच रांगेत अडकतात, हे मात्र कोणालाच नाकारता येणार नाही.

राजगड

गुंजवणे आणि पाली अशी दोन पानं पूर्ण झाली. वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाडीने मार्गासनीला उतरायचं, पुढे वडाप (माणशी भाड्याची जीप) मिळालं तर ठीक, नाहीतर साखरमार्गे चालत गुंजवणे. चार डोकी जमली की जीप परवडते. संध्याकाळी येऊन पहाटे परत जाणारी मुक्कामी एसटी ज्या गावांना आहे, तिथे गाडीची गरजच उरत नाही. अशा गावांच्या पानावर मी लाल खूण केली आहे.

एक गोष्ट या हंगामात लक्षात आली. भात काढून झालं की खाचरं मोकळी होतात आणि कित्येक गावांत शेतकरी स्वतःच तिथे गाड्या लावू देतात. म्हणजे जी जागा डिसेंबरात योग्य, तीच जुलैत कोणाचं तरी नुकसान करते. त्यामुळे एका पायथ्याला एक पान पुरत नाही, पावसाळी आणि उन्हाळी अशी दोन हवीत. दिवाळीनंतर हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईपासून ते काम सुरू करतोय.